हात न लावलेला फोटो

डोळ्यांच्या रुग्णालयातली सिस्टर पोस्टरची गुंडाळी काखेत मारून स्टुडिओत शिरली, तेव्हा ती चिडलेली होती की हसू दाबत होती, हे तिचं तिलाही ठरवता येत नसावं. तिनं गुंडाळी काउंटरवर उलगडली, एका कोपऱ्यावर पंचिंग मशीन ठेवलं, दुसऱ्यावर स्वतःची पर्स, आणि म्हणाली, "हे केलंय कुणी? त्यांना जरा बोलवा. मला त्यांचं तोंड बघायचंय."

ते आत्यानं केलं होतं. आत्या ती घरातल्या पोरांची; स्टुडिओत तिला सगळे ताई म्हणत. वीस वर्षं ती एकाच खुर्चीत बसून लोकांचे चेहरे 'धुवत' आली होती. हा शब्दही तिचाच. पुटकुळ्या, चष्म्याच्या काचेवरची चमक, फ्लॅशनं लाल झालेले डोळे, कॉलरवरचा चहाचा डाग. तिचं एक तत्त्व होतं आणि ते ती गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय राहत नसे. जे आज आहे आणि उद्या जाणार आहे, तेवढंच पुसायचं. पुटकुळी जाईल, तीळ राहील. कुणाचं नाक कमी करायला ती बसलेली नाही. नाकाची तक्रार घेऊन आलेल्यांना ती सरळ सांगे, "ते आईवडिलांना विचारा."

स्टुडिओचे मालक काका पोस्टरवर वाकले. पोस्टरवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : फोटोत तुमच्या बाळाच्या डोळ्याची बाहुली अशी पांढरी दिसते का? वाट पाहू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्याखाली एक गुटगुटीत बाळ, दोन काळ्याभोर, टपोऱ्या बाहुल्या रोखून बघत होतं.

"आता सांगा," सिस्टर म्हणाली, "अशी म्हणजे कशी? दोन दिवस भिंतीवर होतं हे. एक बाई बराच वेळ समोर उभी राहिली आणि मला विचारते, बाळाला झालंय तरी काय? मी म्हटलं, झालं होतं, पण आमच्या पोस्टरवाल्यांनी बरं केलंय."

काकांना हसता हसता ठसका लागला. झालं होतं ते असं, की त्या दुकानात चेहरे ताईचे आणि अक्षरं काकांची. ती अक्षरांकडे बघत नसे, ते चेहऱ्यांकडे बघत नसत. रुग्णालयानं फोटो पाठवला, तो आधी तिच्याकडे गेला. तिनं एका डोळ्यातलं पांढरं पुसलं. मग काकांनी ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासून त्यावर मजकूर बसवला आणि खुशाल छापायला टाकलं.

"चुकलं हो," आत्याही हसत होती. "हाताला सवयच तशी. पांढरं दिसलं की पुसायचं. मला वाटलं फ्लॅशची चमक असेल. येतं असं. आमच्या लिंबूच्या फोटोत तर दरवेळी येतं."

सिस्टरचं हसू जागच्या जागी थांबलं. "लिंबू कोण?"

"भाची. भावाची मुलगी."

"केवढी?"

"पावणेदोन वर्षांची."

"दोन्ही डोळ्यांत येतं?"

"नाही, डाव्या..." आत्या म्हणाली आणि पोस्टरवरच्या बाळाकडे बघत राहिली.

वीस वर्षं प्रकाशाशी खेळलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रकाश इकडून पडतो, तिकडून पडतो, कधी कपाळावर, कधी गालावर. पण महिनोन् महिने एकाच डोळ्यावर डूख धरून तो बसत नाही. तिनं काउंटर धरला.

घरातली लिंबू म्हणजे शेंडेफळ. चुलत भावंडांच्या खेळात तिला लिंबूटिंबू म्हणून घेत, त्यावरून हे नाव पडलं होतं आणि खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. तिचा जन्म झाल्यापासून आत्या दर महिन्याच्या त्याच तारखेला तिचा फोटो काढी. त्याच वेताच्या खुर्चीत, त्याच छोट्या घरगुती कॅमेऱ्यानं. या कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो, त्यामुळे डोळे लाल येतात. ते आत्या काळे करी, फोटो छापी आणि हॉलच्या भिंतीवर ओळीत लावी. गेले काही महिने मात्र लाल एकाच डोळ्यात यायचं. डावा पिवळट पांढरा. मग ती उजव्या डोळ्यातली बाहुली उचलून डाव्यात बसवायची. चार मिनिटांचं काम. ते इतकं बेमालूम व्हायचं की एकदा तिनं काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं होतं.

"ताई," सिस्टरचा आवाज आता अगदी हळू झाला होता, "मूळ फोटो आहेत का? न पुसलेले?"

आत्याकडे नव्हते. पुसून झालं की ती त्यावरच साठवायची. पण काकांकडे होते. स्टुडिओच्या कंप्युटरला कुठलंही कार्ड लागलं, की त्यातलं सगळं आधी जसंच्या तसं डिस्कवर उतरवून ती स्टीलच्या कपाटात टाकायची, मग कामाला हात घालायचा, हा काकांचा नियम होता. आत्यानं त्या कपाटाला आजवर भंगारखाना, गोदाम, काय काय म्हटलं होतं. काकांनी आज एक शब्द न बोलता किल्ली काढली.

तिघांनी मिळून पडद्यावर एकेक महिना उघडला. चौदाव्या महिन्यापर्यंत दोन्ही डोळे लालबुंद. "हे चांगलं," सिस्टर म्हणाली. "आतला पडदा असा लालच दिसायला हवा. फ्लॅश त्याच्यावर आपटून परत येतो ना." पंधराव्या महिन्यात डाव्या डोळ्याच्या कडेला फिकट काहीतरी. सतराव्यात अर्धी बाहुली. विसाव्यात ती पूर्ण पांढरी होती आणि लिंबू त्या फोटोत तोंडभर हसत होती.

"आज दुपारीच आणा," सिस्टर म्हणाली. "डॉक्टर पाचपर्यंत आहेत. मी पुढे जाऊन सांगते. आणि रडायचं असेल तर रिक्षात रडा, वेळ मोडू नका."

आत्या घरी पोचली तेव्हा वहिनी लिंबूचं डोकं टॉवेलनं पुसत होती आणि लिंबू टॉवेलमधून निसटायच्या खटपटीत होती. आत्यानं चप्पलसुद्धा काढली नाही. उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. पोस्टर, डावा डोळा, चार मिनिटांचं काम, सगळं. मध्ये थांबली असती तर उरलेलं सांगायला तोंडच उघडलं नसतं.

वहिनीनं टॉवेल खाली ठेवला. "मी म्हटलं होतं तुम्हाला, ताई."

म्हटलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, संध्याकाळी दिवे लावताना वहिनी म्हणाली होती, हिचा डोळा कधी कधी मांजरासारखा चमकतो हो. आणि आत्या वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली होती, ट्यूबलाइटचा प्रकाश आहे गं तो. घरात भाज्यांबद्दल वहिनीचा शब्द शेवटचा, यंत्रांबद्दल भावाचा आणि प्रकाशाबद्दल आत्याचा. वहिनीनं विषय सोडून दिला होता. आता ती फक्त एवढंच म्हणाली आणि लिंबूला शर्ट चढवायला लागली. बटणं वरखाली लागली, ती तशीच राहिली.

भाऊ परस्पर रुग्णालयात आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देणं हे त्याचं अर्धं काम, त्यामुळे आवाज कमावलेला होता. "घाबरायचं नाही, मी आहे इथे," असं तो बायकोला म्हणाला, बहिणीला म्हणाला, आणि मग भिंतीकडे तोंड करून बहुधा स्वतःलाही म्हणाला.

डॉक्टर म्हणजे एक ठेंगणी बाई, कपाळाला दिवा बांधलेली. तिनं आधी काहीच केलं नाही. लिंबूच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि खेळता खेळता तळव्यानं तिचा डावा डोळा झाकला. लिंबू खुशाल किल्ल्या वाजवत राहिली. मग उजवा झाकला. लिंबूनं तो हात फटकारून बाजूला केला आणि भोकाड पसरलं. डॉक्टरनं पुन्हा डावा झाकला, शांत. पुन्हा उजवा, आकांत. खोलीतल्या कुणालाच विचारावं लागलं नाही, की हे पोर कुठल्या डोळ्यानं बघतंय.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, दिव्यानं आत पाहिलं. दोन दिवसांनी भूल देऊन नीट तपासणी झाली, डोक्याचा एमआरआयही झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं तिघांना समोर बसवलं आणि कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं.

"हा डोळा. मागच्या बाजूला हा पडदा, यावर चित्र उमटतं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर गाठ आहे. ती कर्करोगाची आहे." तिनं वर्तुळाच्या आत एक ठिपका काढला. "आता पुढचं नीट ऐका. लहान मुलांमध्ये हा होतो आणि वेळेत सापडला तर बरा होतो. गाठ डोळ्याच्या आत आहे. डोळ्यामागच्या नसेत गेलेली नाही, डोक्यात नाही, कुठेच पसरलेली नाही. उजवा डोळा स्वच्छ आहे. हिचा जीव वाचेल असं मला वाटतं. डोळाही वाचवायचा प्रयत्न करू. सलाइनमधून औषधं, सहा वेळा, चार चार आठवड्यांनी. मधून मधून लेझर. तरी गाठ ऐकली नाही, तर डोळा काढावा लागेल. हे आज सांगते, म्हणजे तेव्हा मला शिव्या देऊ नका."

भाऊ मान हलवत राहिला. वहिनी त्या कागदावरच्या वर्तुळाकडे बघत होती.

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "सहा महिने मी ते पुसत होते."

"सिस्टरनं सांगितलं मला." डॉक्टरनं पेनचं टोपण लावलं. "नसतं पुसलंत तर कदाचित लवकर आला असतात. खोटं कशाला बोलू? आणखी सहा महिने पुसलं असतंत, तर आज मी काहीतरी भलतंच सांगत असते. ते सगळे मूळ फोटो मला आणून द्या. गाठ कधीपासून आहे याचा इतका चांगला अंदाज मला सहसा येत नाही."

हे ऐकून आत्याला बरं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं आणि ते पुसायला तिच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून भावानं आपला ग्रीसचे डाग पडलेला रुमाल पुढे केला.

त्यानंतरचे सहा महिने कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर लिंबूचे केस गेले. तिला स्वतःचं गुळगुळीत डोकं भलतंच आवडलं, येईल त्याचा हात धरून ती त्यावर फिरवून घ्यायची. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊन संसर्गाची भीती वाढली की पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावायचं काम आत्यानं घेतलं आणि ते तिनं इतक्या तिखटपणे केलं, की काही नातेवाईक अजून बोलत नाहीत. हा आजार आईबापांकडूनही येऊ शकतो, म्हणून वहिनी आणि भावाचेही डोळे तपासले, ते स्वच्छ निघाले. रात्रपाळी भावाची, दिवसपाळी बायकांची.

वहिनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं आत्याला रोज वाटे. वहिनी फक्त कामापुरतं बोलत असे. टॉवेल द्या. दार लावून घ्या. ताप एकशे एक आहे. आणि एके दिवशी आत्या स्टुडिओतून परतली, तर हॉलच्या भिंतीवरचे शेवटचे सहा फोटो उतरवलेले होते. पंधरावा महिना ते विसावा. फोडले नव्हते, फेकले नव्हते, पालथे करून खणात ठेवले होते. भिंतीवर सहा खिळे राहिले. कॅमेरा कपाटात गेला, तो काढ असं कुणी म्हणालं नाही आणि आत्याची विचारायची छाती नव्हती.

स्टुडिओत मात्र तिनं एक नवं पथ्य लावून घेतलं. लहान मुलाचा फोटो आला की माउसला हात लावायच्या आधी दोन्ही डोळे मोठे करून बघायचे. पोस्टर तिनं पुन्हा छापून दिलं, मजकूर स्वतः मोठ्यानं वाचून. काका म्हणाले, "आता अक्षरंही तूच बघ, मी चेहरे बघतो." ती हसली नाही, पण त्यांच्या कपाटाला त्यानंतर भंगारखाना म्हणाली नाही.

सहावी फेरी झाली. मग निर्णयाची तपासणी ठरली, पुन्हा भूल देऊन. डॉक्टरनं आधीच बजावलं होतं, की ठेवायचा की काढायचा हे त्या दिवशी ठरेल. सकाळी आठ वाजता लिंबूला आत नेलं. तिघं बाकावर बसले. वहिनीनं लिंबूचे बूट मांडीवर घेतले होते आणि ती त्यांच्या नाड्या बांधत होती, सोडत होती.

दहाच्या सुमारास डॉक्टर बाहेर आली. कपाळावरचा दिवा तिनं वर सरकवला होता.

"गाठ मेली," ती म्हणाली. "खडूच्या कणासारखा पांढरा व्रण राहिलाय, तो असू दे. आत पाणी साचून पडदा उचलला होता, ते पाणी ओसरलं, पडदा जागेवर बसला. डोळा ठेवायचा."

तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. "ठेवायचा. ऐकलंत ना? दर महिन्याला दाखवायला यायचं, ते अजून काही वर्षं सुटणार नाही. रोज दोन तास उजव्या डोळ्याला पट्टी, म्हणजे डावा कामाला लागेल. उजव्याइतकं दिसणार नाही. पण दिसेल."

तेव्हा कुठे तिघांचा जीव भांड्यात पडला. वहिनी बूट छातीशी धरून हमसाहमशी रडली. आत्यानं डॉक्टरचे दोन्ही हात धरले आणि सोडायचं विसरली. आणि भाऊ, सहा महिने सगळ्यांना धीर देणारा, जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. जरा वेळानं तो डोळे पुसत म्हणाला, "या लिफ्टचं दार किती कुरकुरतंय! कुणी बघत कसं नाही?" सहा महिने तो त्याच लिफ्टनं वरखाली करत होता. त्याला ते आज ऐकू आलं होतं. वहिनी रडता रडता हसायला लागली, आणि तिला बघून डॉक्टरमागून बाहेर आलेली सिस्टरही.

पुढच्या महिन्यात ती तारीख आली. आत्या तारीख विसरल्याचं सोंग आणून चहा पीत बसली होती. वहिनी आतून आली आणि तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला.

"काढा," ती म्हणाली. "आणि काही करू नका त्याला."

लिंबूला वेताच्या खुर्चीत बसवलं. डोक्यावर नवे केस आले होते, ब्रशसारखे उभे. फ्लॅश चमकला. आत्यानं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघितलं नाही, हिंमतच झाली नाही. कार्ड तिनं स्टुडिओत नेलं. काकांनी नेहमीप्रमाणे ते आधी जसंच्या तसं उतरवून घेतलं, कपाटात ठेवलं, आणि मग फोटो उघडला.

दोन्ही डोळे लाल होते. डावा जरासा फिका, उजवा गडद, पण लालच. वीस वर्षांत आत्यानं असे हजारो लाल डोळे पुसले होते आणि एकाकडेही धड बघितलं नव्हतं. तिचा हात सवयीनं माउसकडे गेला. तिनं तो परत आणला, मांडीवर ठेवला आणि वरून दुसरा हात दाबून ठेवला.

"काका," ती म्हणाली, "तुम्हीच छापा."

संध्याकाळी वहिनीनं फोटो दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितला. मग अंगठ्यानं डाव्या डोळ्यावर घासून पाहिलं, रंग निघतोय का ते. निघाला नाही.

"काही केलं नाहीत ना?"

"हात नाही लावला. शप्पथ."

वहिनीनं मान डोलावली आणि भिंतीशी गेली. चौदावा महिना होता, त्यानंतर सहा रिकामे खिळे. त्यांच्या पुढे तिनं नवा खिळा ठोकला आणि फोटो टांगला. दोन पावलं मागे आली. लिंबू तिच्या साडीला धरून उभी होती, उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्या डोळ्यानं स्वतःचाच फोटो बघत. तिनं बोट दाखवलं. "निंबू," ती म्हणाली.

आत्याला आता उभं राहवेना. ती बाहेर जायच्या निमित्तानं दाराकडे वळली आणि तिनं चपला पायात सरकवल्या.

"ताई," मागून वहिनी म्हणाली. "ते मधले सहा."

"कुठले?"

"काकांच्या कपाटातले. खरे. ते छापून आणाल? डोळा जसा होता तसा असू दे. आपल्या पोरीचेच आहेत ना ते." तिनं हातोडा खाली ठेवला. "आणि एवढ्यात कुठे निघालात? चहा टाकतेय मी."

आत्यानं चपला पुन्हा काढून ठेवल्या.